चौदा पासिंग, हिरवी पाटी

नवी सांगवीत कृष्णा चौकाच्या अलीकडे, एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ती गाडी पाहिली. टाटाची नेक्सॉन ईव्ही, 2021 ची, चौदा पासिंग, हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं. एजंट दार उघडून म्हणाला, "दादा, फक्त बावीस हजार रनिंग. एकदम शोरूम कंडिशन." मी जाणकारासारखी मान डोलावली. मग लक्षात आलं, बावीस हजार हा आकडा चांगला की वाईट, हे मला सांगताच येणार नाही.

पेट्रोलची गाडी असती तर बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला असता, ऑइलची काडी ओढून पाहिली असती, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेलं असतं. इथे ऐकण्यासारखं काही नाही. गाडीतली सगळ्यात महाग वस्तू बुडाशी एका सीलबंद डब्यात बसलेली आहे आणि ती गप्प आहे.

घरी हे सांगितलं तर बाबा हसले. म्हणाले, "आम्ही तर जुनी स्कूटर नवीपेक्षा जास्त पैसे देऊन घेतलेली पिढी." मला आधी ही थाप वाटली. नव्हती.

आकुर्डीच्या बजाज कारखान्यात चेतक बनायला लागली 1972 साली. तो परवान्यांचा काळ. कारखान्याने वर्षाला किती स्कूटर बनवायच्या, हेसुद्धा सरकारी परवान्यावर ठरे. मागणी प्रचंड आणि आकडा बांधलेला, त्यामुळे नंबर लागायला दहा-दहा वर्षं जात. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे, म्हणून आखातातला मेहुणा ही तेव्हा मोठीच मालमत्ता होती. बाकीच्यांनी थांबायचं, नाहीतर कुणाची तरी वापरलेली चेतक वर 'ऑन' देऊन घ्यायची. कारखान्यापासून काही किलोमीटरवर राहणाऱ्या माणसालाही हाच नियम. दोन वर्षं वापरलेल्या स्कूटरचा भाव शोरूमपेक्षा जास्त, कारण ती आज मिळत होती. खरेदीदार घासलेल्या टायरकडे बघतही नसे. तो वाचलेल्या वर्षांचे पैसे मोजत असे.

1991 नंतर परवाने गेले आणि रांगाही ओसरल्या. पिंपरीत तयार झालेली इंडिका 1998 च्या 30 डिसेंबरला बाजारात आली, तोवर जुन्या गाडीचा हिशोब सरळ झाला होता: जितकी जुनी तितकी स्वस्त. विम्याच्या कोष्टकात तो आजही दिसतो. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घट, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40 आणि पाचव्या वर्षाअखेर 50. गाडी म्हणजे झिजणारं लोखंड, हा विचार त्यामागे आहे. इलेक्ट्रिक गाडीलाही हेच कोष्टक लावतात.

पण बॅटरी लोखंडासारखी झिजत नाही. तिचा त्रास जुनाच आहे. अमेरिकेत हार्टफर्डच्या वीज कंपनीने 1912 पासून एक युक्ती चालवली होती. ग्राहकाने इलेक्ट्रिक ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यायचा, बॅटरी कंपनीची, आणि पैसे धावेल त्या मैलांप्रमाणे द्यायचे. बॅटरी म्हातारी झाली की ती चिंता कंपनीची. ही सेवा 1924 पर्यंत चालली. आपल्याकडे एमजीने सप्टेंबर 2024 मध्ये विंडसर आणली, तिचाही एक पर्याय हाच होता: गाडी 9.99 लाखांना आणि बॅटरीचे किलोमीटरला साडेतीन रुपये. लोकांना ते अगदी नवं वाटलं.

मधल्या काळात बंगळुरूची रेवा येऊन गेली. 2001 सालची ही चिमुकली गाडी लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर चालायची आणि त्या काही वर्षांतच बदलाव्या लागायच्या. त्यामुळे जुनी रेवा घेताना पहिला प्रश्न एकच, बॅटऱ्या कधी बदलल्या? 2010 मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली, 2013 मध्ये लिथियम बॅटरीची ई2ओ आली आणि 2019 मध्ये बंदही झाली. बंद पडलेल्या मॉडेलची जुनी गाडी कोण घेणार?

आता 2020 चा जानेवारी. एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या. बजाजने चेतक पुन्हा बाजारात आणली, या वेळी विजेवर चालणारी आणि चाकणमध्ये बनलेली. आणि टाटांनी नेक्सॉन ईव्ही आणली: 30.2 किलोवॅट-तासांची बॅटरी, किंमत 13.99 लाखांपासून. चार वर्षांनी, सप्टेंबर 2024 मध्ये, त्याच नावाची कोरी गाडी 12.49 लाखांपासून मिळत होती. मूळ कारण बॅटरी. ब्लूमबर्गच्या पाहणीनुसार 2010 मध्ये एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरहून जास्त पडायचे, 2024 मध्ये 115. नवीच गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो, ती कितीही जपून वापरली असली तरी. चेतकवाल्याला थांबण्याने फायदा झाला होता. नेक्सॉनच्या पहिल्या मालकाला त्याच कारणाने, उलट बाजूने, फटका बसला. मला त्याची दया आली. मग आठवलं, गाडी घेणारा मी आहे.

कंपन्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे वॉरंटी. नेक्सॉनच्या बॅटरीला सुरुवातीला आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर होती. म्हणजे 2021 च्या गाडीची 2029 पर्यंत. चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या गाड्यांना बॅटरीची आजीवन वॉरंटी दिली, पण पहिल्या मालकापुरती. गाडी विकली की ती दहा वर्षं किंवा दोन लाख किलोमीटर. 'आजीवन' कुणाचं, हे कागदावर वाचून घ्यावं. म्हणून दोन जुन्या ईव्हींची तुलना करायची तर मी आधी उरलेल्या वॉरंटीची वर्षं मांडतो आणि रनिंग नंतर. वर्षभर पूर्ण चार्ज करून उन्हात उभी ठेवलेली कमी रनिंगची गाडी, रोज भोसरीला जाऊन येणाऱ्या गाडीपेक्षा थकलेली असू शकते.

मग मी एजंटला म्हटलं, एक दिवस गाडी द्या. आधी त्याने तोंड वाकडं केलं, मग दिली. शंभर टक्के चार्ज करून निघालो. नाशिक फाटा, मोशी, चाकण, परत, पुन्हा चाकण. वीस टक्क्यांवर थांबलो तेव्हा 150 किलोमीटर झाले होते आणि मीटरवर सरासरी होती किलोमीटरला 140 वॅट-तास. म्हणजे 21 किलोवॅट-तास वापरले, ऐंशी टक्क्यांत. पूर्ण शंभराला सव्वीसच्या थोडं वर. मूळ 30.2 चे साधारण 87 टक्के. नव्या गाडीतही सगळे 30.2 वापरता येत नाहीत, म्हणजे खरी झीज त्याहून कमीच. शाळेतलं त्रैराशिक आहे, पण एजंटच्या 'शोरूम कंडिशन'पेक्षा बरं.

एक प्रश्न मात्र कुठल्याच मीटरवर दिसत नाही. सांगवी मुळा आणि पवना यांच्या कुशीत आहे; ऑगस्ट 2019 मध्ये नदीकाठच्या सोसायट्यांचं पार्किंग पाण्यात गेलं होतं. बॅटरीचा डबा जलरोधक असतो खरा, पण पाण्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचं वायरिंग आणि कनेक्टर पुढे काय त्रास देतील, याचा भरवसा नाही. म्हणून भाव बोलायच्या आधी मूळ मालकांना फोन लावला. ते निवृत्त, जुन्या सांगवीत राहणारे. विचारलं, "काका, पावसाळ्यात गाडी कुठे लावत होता?"

"पाणी वाढायच्या बातम्या आल्या की मुलीकडे, पिंपळे सौदागरला," ते म्हणाले. "तिच्या बिल्डिंगला पोडियम पार्किंग आहे. पावत्या पाहिजेत का? सर्व्हिसच्या सगळ्या ठेवल्यात."

मी हो म्हणालो आणि संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.