मोरीचा हिशेब

दौंडकर आणि शिरूरकर मंडळींना रेल्वेच्या भरावाखालची दगडी मोरी नवी नाही. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला. भराव घालणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती : ओढ्याला वाट ठेवली नाही, तर ओढाच भराव नेतो. मोरी केवढी बांधावी, हा मात्र हिशेबाचा प्रश्न होता. आयर्लंडमधील अभियंता थॉमस मुल्वानी ह्याने 1851 च्या सुमारास अशा हिशेबाची एक रीत मांडली. तिचे आजचे रूप असे : जमीन किती, पाऊस किती जोराचा, आणि पडलेल्या पाण्यातले जमीन किती सोडून देते? पहिल्या दोन गोष्टी माणसाच्या हाती फारशा नाहीत. तिसरी मात्र आपण रोज बदलतो आहोत.

आमचे शिक्षण कामगारांच्या सभांतून झाले. तेव्हा हिशेब साध्या भाषेत मांडतो. एक एकरावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडले. मुरमाड माळावर त्यातले पुष्कळसे मुरते आणि पुढे विहिरीला लागते. काळी जमीन एकदा भिजून फुगली की पाणी सोडू लागते, हे खरे; परंतु उन्हाने भेगाळलेली तीच जमीन पहिला पाऊस घटाघटा पिते. डांबर आणि सिमेंट मात्र दहा भागांतले आठ-नऊ भाग सोडून देतात, तेही घाईने. दहा हजार लिटरचे आठ-नऊ टँकर एका एकरावरून घटकेत ओढ्यात! आणि उन्हाळ्यात त्याच टँकरची आपण वाट पाहतो.

शिरूर तालुक्यात रांजणगावास औद्योगिक वसाहत झाली, माळावर कारखाने उभे राहिले. आम्ही त्याविरुद्ध नाही. त्यावर आमच्या माणसांच्या चुली पेटतात. पण एका कारखान्याच्या फाटकाशी सभा घेताना पावसाने आम्हांस गाठले. आवारातले पाणी फाटकातून बाहेर पडले आणि पलीकडच्या सखल जागेतल्या कामगारांच्या खोल्यांत शिरले. ज्यांनी ती फरशी बसविली, त्यांच्याच चुली विझल्या.

पुण्याची गोष्ट ह्याहून मोठी. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून आंबिल ओढ्याचे पाणी अडविले व भुयारी नळाने शहराला दिले. त्या काळी ओढा ही संपत्ती होती. पुढे शहर त्याच्या अंगावर चढले. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री अतिवृष्टी झाली, आंबिल ओढा घरांत घुसला आणि पुणे व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. पाऊस मोठा होता, हे नाकारता येत नाही. पण ओढ्याचे पात्र आवळणारा पाऊस नव्हता.

आंबिल ओढा मुठेला मिळतो. मुळा-मुठेचे पाणी शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसजवळ भीमेत येते आणि भीमा दौंडवरून पुढे जाते. म्हणजे पुण्याची फरसबंदी ही केवळ पुण्याची बाब नव्हे. वरच्याने पाणी घाईने लोटावे आणि खालच्याने ते सोसावे, हा न्याय नव्हे.

पावसाचे पाणी जिरविण्याची तरतूद बांधकामाच्या नियमांत आहे. ती कागदावर राहू नये, हे पाहणे नागरिकांचे काम आहे. आवारात उघडी माती ठेवा, शोषखड्डे साफ ठेवा, ओढ्याची रुंदी राखा. दीडशे वर्षांपूर्वी भराव घालणाऱ्यांना जो हिशेब चुकविता आला नाही, तो आपल्यालाही चुकणार नाही.