बडोद्याची भिंत

बडोदं म्हटलं की आपल्याला १९१७ आठवतं. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, शिकून आले, करारानुसार संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, आणि एवढ्या शहरात त्यांना राहायला खोली नाही! पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेऊन पारशी दारात. मग ते कामाठी बागेत जाऊन बसले.

त्या बागेपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर चित्रकलेचं कॉलेज आहे. विद्यापीठ १९४९ चं, ही फाईन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची. चित्रकलेच्या वर्गावर ना. श्री. बेंद्रे, शिल्पावर शंखो चौधरी. मुंबईच्या जे. जे.त तेव्हा डिप्लोमा मिळायचा, इथं डिग्री. हातानं काम करणारा पदवीधर झाला, दोस्तहो! आपल्या बापजाद्यांच्या हाताला काय मिळालं ते मी सांगायला नको.

आपल्यातले काही म्हणतात, चित्रं म्हणजे पोट भरलेल्यांची चैन. मला पटत नाही. इथली पद्धत बघा. वर्ष संपलं की पोरं आपलं काम स्वतःच भिंतीवर मांडतात. परीक्षक तेच बघून मार्क देतात, मग गावातली माणसंही बघून जातात. उत्तरपत्रिका अशी चव्हाट्यावर टांगलेली दुसऱ्या कुठल्या कॉलेजात दिसते? १९६१ पासून फाईन आर्ट्सची जत्राही भरू लागली. मास्तर आणि पोरं मिळून खेळणी, बाहुल्या करणार, गाव विकत घेणार. आणि बाहेरून येणारा कलावंत म्हणजे विलायतेचा साहेबच असं नव्हतं. जयपूरकडची भित्तिचित्राची पिढीजात विद्या शिकवायला ग्यारसीलाल वर्मा आले. कारागीर मास्तरच्या जागी उभा राहिला. ही गोष्ट मला मोठी वाटते.

१९८७ साली इथंच के. पी. कृष्णकुमार आणि बहुतेक केरळच्या पोरांनी 'क्वेश्चन्स अँड डायलॉग' हे प्रदर्शन भरवलं. अनिता दुबेनं जाहीरनामा लिहिला. चित्रांच्या बाजारावर सरळ हल्ला होता तो. आपल्या नागपूरचा सवी सावरकरही इथंच शिकून गेला. पुढं त्याच्या चित्रांत गळ्यातलं मडकं आलं, झाडू आला, देवदासी आल्या.

पण भिंत कुणाची, हे मे २००७ मध्ये कळलं. चंद्रमोहन हा तेलुगू मुलखातला पोरगा. त्यानं परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांत देवांची विटंबना झाली म्हणून एक टोळकं आत घुसलं. पोलीस आले आणि धरलं कुणाला? पोराला. टोळक्याला नाही. पाच दिवस कोठडी. पोरांनी उत्तर दिलं तेही प्रदर्शनानंच. जुन्या देवळांतली शिल्पं, जुनी चित्रं, यांचे फोटो लावले. म्हणाले, बघा, तुमच्याच पूर्वजांनी काय काय कोरलंय. विद्यापीठाचा हुकूम आला, बंद करा. प्रभारी डीन शिवाजी पणिक्कर म्हणाले, नाही करत. त्यांना निलंबित केलं.

चंद्रमोहनचा निकाल लागलाच नाही. भिंतीवर टांगलेली उत्तरपत्रिका, मार्क कोरे. २०१८ च्या फेब्रुवारीत कुलगुरूंच्या कचेरीला आग लावल्याच्या आरोपाखाली त्याला पुन्हा अटक झाली. तोवर अकरा वर्षं होत आली होती.