कॉट सोलकर, बोल्ड वेंकट : स्कोअरकार्डात न दिसणारी जागा

"अमुक खेळाडूने ती जागाच बदलून टाकली." क्रीडा-इतिहासात हे वाक्य इतक्या वेळा येतं की आपण ते न तपासता पुढे जातो. संशोधन आराखड्यात मात्र गाईड लगेच पेन्सिलीने खूण करतात, बदलली म्हणजे नेमकं काय बदललं? आणि पुरावा काय? याचं उत्तर शोधायला मी एक नगरी उदाहरण घेतोय (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं).

संगमनेर तालुक्यातलं आश्वी खुर्द हे अजिंक्य रहाणेचं जन्मगाव. वाढला डोंबिवलीत. ऑगस्ट 2015 मध्ये गॉल कसोटीत त्याने श्रीलंकेविरुद्ध पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच असे आठ झेल घेतले. यष्टिरक्षक नसलेल्या कोणालाही तोवर एका कसोटीत सातच्या पुढे जाता आलं नव्हतं. हा विक्रम दहा वर्षं टिकला. 2025 मध्ये गुवाहाटीत एडन मार्करमने नऊ झेल घेतले.

आता त्या सामन्याचं स्कोअरकार्ड उघडा. "कॉट रहाणे बोल्ड अश्विन" एवढंच सापडेल. तो स्लिपमध्ये उभा होता की गलीत, हे तिथे नाही. सुटलेला झेल नाही. कठीण झेल आणि हातात येऊन पडलेला झेल यांच्यात फरकही नाही. म्हणजे ज्या दस्तऐवजावर आपण सगळ्यात जास्त विसंबतो, त्यात आपल्या विषयाचीच, जागेचीच, नोंद नाही! गॉलमध्ये तर आणखी एक गंमत झाली. त्या मालिकेत डीआरएस नव्हतं. दुसऱ्या डावात चंदिमलचा जवळच्या क्षेत्ररक्षकाने घेतलेला झेल पंचांनी बाद दिला नाही. पुढे तो नाबाद 162 वर राहिला आणि 176 चा पाठलाग करताना भारत 112 मध्ये आटोपला. तो झेल घेतला गेला, पण कागदावर नाही. अभिलेखागारात काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. कारकुनाने जे लिहिलं तेच घडलं असं धरून चालता येत नाही.

रहाणेच्या मागे जायचं तर एकनाथ सोलकरपर्यंत जावंच लागतं. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे ग्राउंड्समन, पोरगा त्याच मैदानावर वाढलेला. 27 कसोटींत 53 झेल, म्हणजे कसोटीमागे जवळजवळ दोन. वीसेक कसोटी खेळलेल्या क्षेत्ररक्षकांत हे प्रमाण सर्वोत्तम मानलं जातं. जागा फॉरवर्ड शॉर्ट लेग, फलंदाजापासून दोन-तीन पावलांवर, डोक्यावर हेल्मेट नाही. 23 ऑगस्ट 1971 ला ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव 101 वर संपला आणि दुसऱ्या दिवशी वाडेकरच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. त्या डावाचा मान चंद्रशेखरच्या 38 धावांतल्या सहा बळींना मिळतो, आणि तो योग्यच आहे. पण फ्लेचर आणि नॉट हे दोघे सोलकरच्या हातात गेले. नॉटचा झेल तर त्याने पुढे झेपावून, जमिनीलगत घेतला. ही जागा त्याआधीही होतीच. सोलकरने केलं ते असं : फलंदाजाने बचावासाठी पुढे टाकलेली बॅट हीच धोक्याची झाली. चेंडू मेलेला समजून सोडून द्यायची सोय उरली नाही.

मग "सोलकरने जागा बदलली" म्हणायला हरकत काय? हरकत एवढीच की बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन वजा केले तर तिथे चेंडू येणार कुठून? फिरकीवर उभा असलेला संघ होता, म्हणून त्या जागेला किंमत आली. माझ्या मते, इथे माणूस आणि रचना यांतलं एक निवडायचा हट्ट करू नये. कोणता धागा कधी ताणला गेला, हे दाखवावं.

जानेवारी 1977 हा महिना त्यासाठी फार उपयोगी आहे. सोलकरची शेवटची कसोटी कोलकात्यात त्याच महिन्यात झाली. महिनाअखेर बंगळुरात महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा यजुर्वेंद्र सिंग पदार्पणात उभा राहिला आणि सामन्यात सात झेल घेऊन ग्रेग चॅपेलच्या बरोबरीला गेला. त्यातले पाच एकाच डावात. सोलकर गेला, नवा माणूस आला, फिरकी तीच. रचनेचं वजन इथे स्पष्ट दिसतं. पण यजुर्वेंद्रला एकूण चारच कसोटी मिळाल्या. म्हणजे नुसत्या झेलांवर संघातली जागा टिकत नव्हती, हाही पुरावाच.

तिसरा धागा साधनांचा. त्यासाठी जरा लांब, आइस हॉकीत जाऊ. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये चेहरा फाटल्यावर माँट्रियलचा गोलरक्षक जाक प्लांट मास्क घालूनच परतला. प्रशिक्षकाचा विरोध होता, पण संघ जिंकत राहिला आणि मास्क रुळला. मात्र क्लिंट बेनेडिक्टने 1930 मध्येच काही सामने चामड्याचा मुखवटा वापरला होता. म्हणून "पहिला कोण" हा प्रश्न तसा किरकोळ आहे. पहिल्यांदा केलं ते तेव्हा का रुजलं नाही, हे विचारलं की प्रबंधाला विषय मिळतो.

क्रिकेटमध्ये हेल्मेट सत्तरच्या दशकाअखेर आलं, आधी फलंदाजांसाठी. शॉर्ट लेगला ते हळूहळू पोचलं. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात रमण लांबा थोडेच चेंडू उरले म्हणून हेल्मेटशिवाय त्या जागी उभा राहिला. चेंडू डोक्याला लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. साधन उपलब्ध असणं आणि ते वापरायची सवय असणं यांत अंतर असतं, हे यापेक्षा कडवटपणे दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही. नियम तर आणखी मागे राहिला. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आपटून उडालेला चेंडू झेलला तर बाद, हे 2017 च्या नियमावलीत आलं.

आणि रहाणे? तो लहानपणी कराटे शिकला, ब्लॅक बेल्ट आहे, म्हणून हात एवढे चपळ, ही कारणमीमांसा पटकन सुचते. सुचू द्या, पण लगेच लिहू नका. विक्रम झाल्यावर बालपणात कारण शोधलं की ते सापडतंच. कराटे शिकून स्लिपमध्ये झेल सोडणारे आपण मोजलेले नसतात. त्यापेक्षा हे पाहा : 2012 मध्ये 210 झेल घेणारा द्रविड निवृत्त झाला, स्लिपची जागा मोकळी झाली, आणि गॉलमध्ये अश्विनने दहा बळी घेतले. हे तपासता येतं.

तपासायचं कसं? 2015 साठी चेंडूगणिक लेखी समालोचन आणि चित्रफिती आहेत. प्रत्येक झेलासमोर जागा, गोलंदाज आणि सुटलेली संधी अशा नोंदी करता येतात. 1971 साठी वर्तमानपत्रांतले वृत्तांत, छायाचित्रं आणि आठवणी एवढ्यावरच भागवावं लागतं. छायाचित्रकार बळी पडल्याचा क्षण टिपतो, सुटलेला झेल बहुधा छापला जात नाही. त्यामुळे सोलकर आणि रहाणे यांचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडणार असाल, तर दोन्ही स्तंभांखाली साधनं वेगळी असल्याची ओळ आधी लिहा आणि मग तक्ता भरायला घ्या.