एका राष्ट्रीय जाळ्याचा जमाखर्च

सार्वजनिक कामाचा खर्च मोजणें सोपें, त्याचें मोल ठरविणें कठीण. खर्च आधीं होतो, एका अंदाजपत्रकांत दिसतो, आणि त्याचा जाब एका मंत्र्यास विचारतां येतो. लाभ मागाहून येतो, लक्षावधि घरांत विखुरतो, आणि पुष्कळदां ज्यांनीं कर भरला त्यांच्यापेक्षां त्यांच्या मुलांच्या पदरांत अधिक पडतो. म्हणून अशा वादांत एका पक्षाच्या हातीं आंकडे असतात, दुसऱ्याच्या हातीं बहुधा आशाच. ऑस्ट्रेलियानें २००९ सालीं सर्व देशासाठीं ब्रॉडबँडचें जाळें विणावयास घेतलें, तेव्हांपासून तेथें चाललेला वाद याच जातीचा आहे. तो नीट समजण्यासाठीं वाचकांनीं त्याच देशांतील एका जुन्या तारेपाशीं क्षणभर थांबावें, अशी विनंती आहे.

१८७० सालीं दक्षिण ऑस्ट्रेलिया ही दोन लाखांहून कमी वस्तीची वसाहत होती. तिनें पोर्ट ऑगस्टापासून उत्तर किनाऱ्यावरील आजच्या डार्विनपर्यंत सुमारें ३,२०० किलोमीटर लांबीची तारायंत्राची ओळ उभारण्याचें काम शिरावर घेतलें. मार्गाची माहिती मुख्यतः जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट या प्रवाशाच्या १८६२ सालच्या सफरीवरून मिळालेली. प्रारंभींचा अंदाज १,२०,००० पौंडांचा होता; प्रत्यक्ष खर्च जवळजवळ चौपट झाला. चार्लस टॉड यांच्या देखरेखीखालीं २२ ऑगस्ट १८७२ रोजीं तारेचीं दोन टोकें जोडलीं गेलीं. डार्विनहून समुद्रतळींच्या तारेनें जावा व सिंगापूर, तेथून मद्रास, मद्रासहून खुष्कीनें मुंबई, आणि मुंबईहून एडनच्या वाटेनें लंडन, असा संदेशाचा प्रवास ठरला. म्हणजे ॲडलेडच्या व्यापाऱ्याचा लोंकरीचा भाव आमच्या मुंबईवरून जात असे.

बोटीच्या टपालास जेथें सुमारें दोन महिने लागत, तेथें आतां कांहीं तास पुरूं लागले. परंतु वीस शब्दांच्या तारेस नऊ पौंडांहून अधिक आकार पडे. सामान्य गृहस्थास तो परवडणें अशक्यच होतें. वाटेवरील पाणवठ्यांजवळ तारेचीं ठाणीं बसलीं, आणि तेथील मूळ रहिवाश्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाण्यावर गदा आली. हा खर्च सरकारी वहींत लिहिला गेला नाहीं. दुसऱ्या बाजूस, मध्यभागींच्या एका ठाण्याजवळील डोहास टॉड यांच्या पत्नीचें नांव मिळालें, आणि पुढें ॲलिस स्प्रिंग्ज हें शहर त्या नांवानें प्रसिद्ध झालें. ही जमाहि अंदाजपत्रकांत कोणीं धरली नव्हती. यावरून प्रत्येक महागडें काम योग्यच असतें, असें मुळींच ठरत नाहीं. पहिल्या वर्षाच्या हिशेबावरून अशा कामाचा निवाडा होत नाहीं, एवढेंच ठरतें.

१९०१ सालीं वसाहतींचें संघराज्य झालें व टपाल-तारा त्याच्या ताब्यांत आल्या. तांब्याच्या तारेवर टेलिफोन घरोघर पोंचला, तो सार्वजनिक मालकीच्या खात्याकडूनच. पुढें या खात्याची टेल्स्ट्रा नांवाची कंपनी झाली, आणि १९९७ ते २००६ या काळांत सरकारनें तिचे भाग टप्प्याटप्प्यानें विकले. इंटरनेटचा वेग वाढविण्याची निकड भासूं लागली, तेव्हां जुन्या तारा व त्यांचे जमिनींतील मार्ग खाजगी भागीदारांच्या मालकीचे झाले होते. विरळ वस्तींत नवी तार घालून नफा होईना, म्हणून कंपन्या तेथें जाण्यास उत्सुक नव्हत्या. २००७ च्या निवडणुकींत मजूर पक्षानें ४.७ अब्ज डॉलर सरकारी मदतीची योजना मांडली. निविदा आल्या, पण त्यांतील एकहि पसंत पडली नाहीं. तेव्हां ७ एप्रिल २००९ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड यांनीं जाहीर केलें कीं, सरकार स्वतःच कंपनी काढील, ४३ अब्ज डॉलरांपर्यंत खर्च करील, आणि आठ वर्षांत शेंकडा ९० घरांपर्यंत प्रकाशवाहक कांचतंतु नेईल. उरलेल्यांस बिनतारी लहरींनीं व उपग्रहानें सेवा देईल.

तांब्याच्या तारेंत अंतर वाढेल तसा वेग घटतो. कांचतंतूंत ही घट अत्यल्प असते, आणि एकदां तो जमिनींत घातला म्हणजे केवळ दोन्ही टोकांचीं यंत्रें बदलून वेग वाढवितां येतो. खोदाई एकदांच करावी, हा योजनेच्या कैवाऱ्यांचा मुख्य मुद्दा येथून निघतो. विरोधकांचा प्रश्नहि तितकाच रास्त होता: एवढी रक्कम घालण्यापूर्वीं लाभ-हानीचा रीतसर हिशेब कोठें आहे? तो हिशेब सरकारनें केला नाहीं. वीज येण्यापूर्वीं तिचे उपयोग कोण सांगूं शकला असता, हें उत्तर खरें असलें तरी पुरेसें नव्हे. कारण त्या उत्तरानें कोणतीहि योजना समर्थितां येते. २०१० च्या निवडणुकींत कोणासच बहुमत मिळालें नाहीं, तेव्हां न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण भागांतील टोनी विंडसर व रॉब ओकशॉट या अपक्षांनीं मजूर पक्षास पाठिंबा दिला. त्यांच्या कारणांत हें जाळें प्रमुख होतें. शहरवासीयास जी चैन वाटे, ती दूरच्या गांवास शाळा, दवाखाना व बाजार यांच्याशीं जोडणारी वाट वाटत होती.

२०१३ सालीं लिबरल-नॅशनल युतीनें स्वस्त पर्याय पुढें केला: कांचतंतु रस्त्याच्या कोपऱ्यावरील पेटीपर्यंत न्यावा, आणि तेथून घरापर्यंत जुनें तांबेंच वापरावें. या योजनेस २९.५ अब्ज लागतील, उलट मजूर पक्षाची योजना ९४ अब्जांवर जाईल, असें युतीचें म्हणणें होतें. युति निवडून आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत झालेल्या फेरतपासणींत मूळ योजनेचा आंकडा ७३ अब्ज निघाला, आणि मिश्र योजनेचा ४१. काम तेंच, देश तोच. मोजणारा बदलला कीं आंकडा बदले.

२०१४ मध्यें डॉ. मायकेल व्हर्टिगन यांच्या मंडळानें अखेर तो रीतसर हिशेब केला, आणि मिश्र योजनेचा निव्वळ लाभ पूर्ण कांचतंतूपेक्षां १६ अब्जांनीं अधिक दाखविला. हिशेबांत चूक होती असें नव्हे. पण त्याचीं गृहीतें पाहण्यासारखीं आहेत. २०२३ सालीं मध्यम प्रतीच्या कुटुंबास सेकंदास १५ मेगाबिट वेग पुरेल, असा गरजेचा अंदाज त्याच्या मुळाशीं होता. शिवाय अशा हिशेबांत भविष्यकाळच्या लाभाचें मोल आज कमी धरावें लागतें; सालीना ८ टक्के दर धरल्यास वीस वर्षांनंतरचे शंभर डॉलर आज साडेएकवीसच भरतात. ज्या कामाचें फळ मुलांस मिळावयाचें, त्यास हा तराजू फार कडक आहे.

पुढें काय झालें? २०१८ पर्यंत मिश्र योजनेचा खर्च ५१ अब्जांवर गेला. एका घरास कांचतंतु, तर जवळच्या दुसऱ्यास जुनें तांबें, असें जाळें उभें राहिलें. २०२० सालीं करोनाच्या साथींत घरांचींच शाळा व कचेऱ्या झालीं. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत युतीच्याच सरकारनें कांचतंतु घरांच्या अधिक जवळ नेण्यासाठीं ४.५ अब्जांची योजना जाहीर केली; डिसेंबरांत जाळें पूर्ण झाल्याची घोषणा झाली. २०२२ मध्यें मजूर सरकारनें आणखी १५ लक्ष घरांसाठीं २.४ अब्ज दिले, आणि जानेवारी २०२५ मध्यें उरलेल्या तांब्याच्या जागीं कांचतंतु घालण्यास ३ अब्ज जाहीर केले. ज्या रस्त्यांवर एकदां काम झालें होतें, तेथें पुन्हां कुदळी पडूं लागल्या.

यावरून आरंभींची योजना जशीच्या तशी चालविली असती तर ती स्वस्त पडली असती, असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं. २०१३ पर्यंत तीहि वेळापत्रकाच्या बरीच मागें पडली होती, आणि न बांधलेल्या जाळ्याचा खर्च कोणासहि मोजतां येत नाहीं. दोष दोन्ही पक्षांकडे येतो. एकानें हिशेबाची टाळाटाळ केली, म्हणून त्याच्या स्वप्नावर लोकांचा विश्वास टिकला नाहीं. दुसऱ्यानें हिशेब केला, पण आज वाचविलेला पैसा उद्यां तेंच काम दुसऱ्यांदा करण्यांत जाईल कीं काय, हा प्रश्न त्यांत दुय्यम ठेविला. टॉड यांच्या तारेचा खर्च चौपट झाला. तरी ती अर्ध्या वाटेवर नेऊन पुढें जुन्याच साधनावर भागवावें, असें त्या वसाहतीनें ठरविलें नाहीं. सार्वजनिक कामाचा हिशेब कामापूर्वीं व्हावा, तो उघड्यावर व्हावा, आणि खर्चाच्या बाजूस दुरुस्तीचें व पुनर्बांधणीचें कलम न विसरतां लिहावें. इतकें झालें असतें, तर त्या देशांतील पुष्कळ कुटुंबांची दहा-बारा वर्षें केवळ वाट पाहण्यांत गेलीं नसतीं.