जुनी कॉमिक्स, जुने अपमान : पुनर्मुद्रण कसे करावे?

जुन्या कॉमिक्समधील वंशद्वेषी चित्रांचे काय करायचे, यासाठी बेल्जियमच्या 'टिनटिन इन द काँगो'चे उदाहरण पाहावे. हर्जे यांची ही चित्रकथा १९३०-३१ मध्ये क्रमशः छापली गेली. काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती. कथेतील काळी माणसे जाड ओठांची, बालबुद्धीची. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत, काँगोच्या मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' असे शिकवणारा धडा काढून तिथे गणित घातले. चेहरे मात्र तसेच राहिले. म्हणजे वसाहतवादाचा पुरावा पुसला, अपमान शिल्लक!

बेल्जियममधील एका काँगोली नागरिकाची बंदीची मागणी तिथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. बंदी आम्हालाही नको. पण 'त्या काळी असेच चालायचे' एवढे प्रस्तावनेत लिहून प्रकाशक सुटत नाही. ज्यांची टिंगल झाली, त्यांच्याकडूनच भाष्य लिहून घ्यावे.

आपल्याकडे प्रश्न जातीचा, पण वाट हीच. उन्नमती श्याम सुंदर यांनी 'नो लाफिंग मॅटर' (२०१९) मध्ये डॉ. बाबासाहेबांवरील १९३२ ते १९४८ या काळातील व्यंगचित्रे भाष्यासह छापली आहेत. मुलांच्या पुस्तकात असे भाष्य चित्राशेजारीच हवे. शेवटच्या पानावरची टीप मुले वाचत नाहीत.