सावतोबांच्या मळ्यात मिरची कुठून आली?

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘या अभंगात मिरचीचा उल्लेख असल्यामुळे तो सावता माळी यांचा असू शकत नाही.’ गाईडनी त्याखाली लाल पेनने एवढंच लिहिलं, ‘तुला कसं कळलं?’

मला रागच आला. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केलेली मी, मिरची अमेरिकेतून आली हे मला कसं कळलं असं विचारतात? पण त्या तीन शब्दांचं नीट उत्तर द्यायला मला जवळजवळ आठ महिने लागले, आणि शेवटी ते वाक्य मीच खोडलं. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा विषय शोधतायत, त्यांच्यासाठी ती सगळी गोष्ट इथे सांगते.

आधी विषय. परसबागेत लावल्या जाणाऱ्या रोजच्या भाज्या आपल्याकडे कधी आणि कशा आल्या, हा माझा प्रश्न. ऐकायला सोपा वाटतो. अडचण अशी की परसबाग कागदावर येतच नाही. जुन्या दप्तरांत जमीन येते ती साऱ्यासाठी. जिरायत किती, बागायत किती, कोणाच्या नावावर किती. घरामागे मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या चार वांग्यांवर कोण सारा लावणार? उत्खननाचंही तसंच आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या त्या वस्तीत बार्लीचे आणि कडधान्यांचे जळून कोळसा झालेले दाणे सापडले. जळाले म्हणून टिकले. पालेभाजी टिकत नाही. ती शिजते, खाल्ली जाते, उरलेली गुरांपुढे जाते. म्हणजे इनामगावचे लोक भाजी खात नव्हते असं नाही, तर त्यांच्या भाजीने आपल्यासाठी काही मागे ठेवलं नाही. पुरावा नसणं आणि वस्तू नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी व्याख्यानांत दहादा ऐकलं होतं. पटलं ते इथे.

मग उरतात शब्द, पाककृती आणि गाणी. गाण्यांत सावता माळी. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातलं अरण हे त्यांचं गाव, आणि परंपरेने सांगितला जाणारा काळ इ.स. १२५० ते १२९५. मळ्यातल्या भाज्यांतच विठ्ठल पाहणारा त्यांच्या नावावरचा अभंग तुम्ही कधी ना कधी ऐकलेला आहेच, शाळेत नाहीतर रेडिओवर. त्यात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर आहे. आणि मिरची आहे.

मिरचीचं मूळ मेक्सिकोच्या बाजूला. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला, आणि पोर्तुगिजांनी गोवा घेतला तो १५१० मध्ये. त्याआधी इकडे मिरची येण्याचा रस्ताच नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात खाण्यापिण्याचं एवढं बारीक वर्णन आहे की वाचताना भूक लागते, पण तिखटपणासाठी आहेत ती मिरी आणि आलं. पुढे सोळाव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे पोर्तुगीज येऊन ऐंशी-नव्वद वर्षं झाल्यावरसुद्धा, ‘आईन-इ-अकबरी’तल्या पाककृतींमध्ये मिरी आहे, मिरची नाही. अडीचशे वर्षांची फट सरळ दिसते. मी ती पाहिली आणि माझं वाक्य लिहून मोकळी झाले.

आता ‘तुला कसं कळलं’ याकडे येऊ.

पहिली शंका गाईडनीच काढली. मिरची हा शब्द मिरीच्याच घराण्यातला, संस्कृत ‘मरिच’वरून आलेला. नव्या तिखट वस्तूला जुन्या तिखट वस्तूचं नाव, असं पुष्कळ भाषांत झालंय. कन्नडमध्ये मिरीला मेणसु, मिरचीला मेणसिनकायि. तमिळमध्ये मिळगु आणि मिळगाय. स्पॅनिशमध्येही पिमिएन्तावरून पिमिएन्तो, कारण कोलंबस निघाला होता तोच मिरीच्या शोधात. मग अभंगातली मिरची मुळात मिरीच असेल तर?

इथे वनस्पतिशास्त्र कामाला आलं. मिरीचा वेल दमट हवेतला. त्याला साधारण २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो, चढायला झाड लागतं, सावली लागते. माढ्याकडे वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस. तेराव्या शतकात अरणच्या माळ्याच्या घरात मिरी असेलही, पण ती बाजारातून विकत आणलेली. आणि तो अभंग मळ्यात पिकणाऱ्या वस्तूंचा आहे, त्यात विकतच्या मसाल्याचं काय काम? तेव्हा ही शंका माझ्या मते टिकत नाही.

दुसरी शंका मात्र टिकली. समजा मिरची नंतरची आहे. पण ‘अभंगातला एक शब्द नंतरचा’ आणि ‘अभंग नंतरचा’ ही दोन वेगळी विधानं आहेत. मी पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारली होती. शक्यता किमान तीन आहेत. मूळ अभंगात दुसऱ्या एखाद्या भाजीचं नाव होतं आणि गाता गाता त्या जागी मिरची आली. किंवा ते चरणच नंतर जोडलं गेलं. किंवा अख्खा अभंग पुढच्या काळात कोणीतरी सावता माळ्यांची नाममुद्रा घालून रचला. तिसरी शक्यता हवेतली नाही. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामाच्या रचना मिसळल्या आहेत, यावर अभ्यासकांनी भरपूर लिहिलंय. ख्रिश्चन नोवेत्स्की यांचं नामदेवांवरचं २००८ चं पुस्तक तर याच मुद्द्याभोवती फिरतं. कीर्तनात गायल्या जाणाऱ्या रचनेचा ‘कर्ता’ म्हणजे काय, हाच त्यांचा प्रश्न. जमलं तर वाचा, जड आहे पण वाचा.

पहिली शक्यता मला जास्त खरी वाटते, आणि ती रचनेकडे बघून. अभंगाचा छंद अक्षरांचा हिशेब सैलपणे घेतो. त्यातून मिरची ही यमकाच्या जागी नाही, चरणाच्या आत आहे. तिथला शब्द बदलला तर ना यमक बिघडतं ना चाल. काशीबा गुरव यांनी सावतोबांचे अभंग लिहून घेतले असं परंपरा सांगते. पण आज आपल्या हातात आहेत त्या छापील गाथा, आणि मधली शतकं हा अभंग तोंडातोंडी आणि वह्यांतून आलेला आहे. गाणारा माणूस समोरच्या श्रोत्यांच्या मळ्यात जे आहे ते गातो. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. सिद्ध करायचं तर जुन्या बाडांतले पाठ ताडून पाहावे लागतील, ते काम चालू आहे.

पण मग मिरचीच का? बटाटाही अमेरिकेतलाच, टोमॅटोही. ते का नाही घुसले? या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मजाही इथेच आली. वाळलेली लाल मिरची फोडून बघा. आत बी असतं, आणि उन्हात वाळवलेल्या मिरचीचं बी रुजतं. म्हणजे बाजारातून आणलेली पावशेर मिरची हे एकाच वेळी मसाल्याचं आणि बियाण्याचंही पुडकं असतं. काळ्या मिरीचं तसं नाही. ती हिरवी असतानाच खुडून वाळवतात, ती पेरून काही उगवत नाही. मिरीचा वेल धरायला तीन वर्षं घेतो, मिरचीला तीन महिने पुरतात. बटाट्याला बेणं लागतं, ते कुजू न देता पुढच्या हंगामापर्यंत सांभाळावं लागतं. टोमॅटोची तर गोष्टच वेगळी. जॉर्ज वॉट यांचा भारतातल्या उपयुक्त वस्तूंचा मोठा कोश १८८९ ते १८९३ मध्ये निघाला. तेव्हाही टोमॅटो इथे मुख्यतः युरोपीय लोकांसाठी लावला जात होता. म्हणजे आपण ‘रोजचं’ म्हणतो त्या टोमॅटोला परसात येऊन पुरती दीड-दोनशे वर्षंही झालेली नसतील. मिरचीला ना सरकारी बागेची गरज होती ना बियाण्याच्या व्यापाऱ्याची. ज्या घरात तिखट पोहोचलं त्या घराच्या मोरीमागे रोप उभं राहिलं. मिरी विकत घ्यावी लागे. मिरची फुकट.

(मध्येच एक. लाल भोपळाही अमेरिकेतलाच बरं का. लेकीकडे निघालेली म्हातारी चित्रांत ज्या गरगरीत लाल भोपळ्यात बसते, तो जुन्या गोष्टीत दुधीसारखा एखादा भोपळा असेल, किंवा ती गोष्टच तितकी जुनी नसेल. भाचीला हे सांगितलं, तिने कान बंद करून घेतले.)

बरं, मौखिक परंपरा काळात चुकते आणि छापील ग्रंथ बरोबर असतात असंही समजू नका. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्स यांच्या १५४२ च्या ग्रंथात मिरचीचं सुंदर चित्र आहे, आणि तिचं नाव दिलंय ‘कालिकतची मिरी’. कोलंबसाला जेमतेम पन्नास वर्षं झालेली, आणि मिरची भारतातली ठरली सुद्धा! पुढे १७७६ मध्ये याकाँ यांनी मिरचीच्या एका जातीला ‘कॅप्सिकम चायनेन्स’ म्हणजे चीनची मिरची असं नाव दिलं. ती चीनची नाही, तीही अमेरिकेतलीच. नाव आजही तेच आहे. अभंगाची चूक काढताना माझा जो सूर होता, तो मी या दोघांबद्दल लावला नव्हता. फुक्सच्या चुकीला मी ‘रोचक’ लिहिलं होतं आणि अभंगाच्या शब्दाला ‘अप्रामाणिक’.

आणखी एक सापळा दाखवते, कारण तुम्ही त्यात पडणारच. के. टी. अचया यांनी ‘इंडियन फूड: अ हिस्टॉरिकल कम्पॅनियन’ (१९९४) या पुस्तकात मिरचीच्या सुरुवातीच्या उल्लेखांत पुरंदरदासांच्या एका रचनेचा दाखला दिलाय. पुरंदरदास वारले १५६४ मध्ये, तेव्हा मिरची त्याआधी दक्षिणेत पोहोचली होती असा तो तर्क. म्हणजे तिथे गाण्यावरून मिरचीचा काळ ठरवला, आणि मी मिरचीवरून गाण्याचा काळ ठरवत होते. दोन्ही रचना तोंडी आलेल्या. मग एकीवर घड्याळ लावायचं आणि दुसरीला घड्याळ दाखवायचं, हे कुठल्या नियमाने? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम एकच होता, जे मला सोयीचं ते.

शेवटी मी अरणच्या आसपासच्या गावांत मुलाखती घ्यायला गेले. एका आजींच्या परसात वांगी, अंबाडी, शेवगा आणि चुलीच्या खोलीमागे मिरचीची आठ-दहा झाडं. मी प्रश्नावली काढून विचारलं, ही मिरची कुठून आली? त्या म्हणाल्या, ‘कुठनं येतीया? माळवं हाय आपलं. सासूबाईनं बी दिलं व्हतं.’ मग माझ्याकडे बघून, ‘गावरान हाय ही. दुकानातली न्हाई.’ फॉर्मवर ‘मूळ’ असा रकाना होता. मी तिथे पेन टेकवून थांबले. दर वर्षी चांगल्या झाडाची फळं राखून बी धरायचं, हे चार-एकशे वर्षं चालू असेल तर त्या झाडाच्या चारशेच्या आसपास पिढ्या याच मातीत, याच पाण्यावर निवडल्या गेल्यात. जीवशास्त्राच्या भाषेत तिला स्थानिक वाणच म्हणतात. आजींचं उत्तर चुकीचं नव्हतं. माझा रकाना अपुरा होता.

मग मी त्यांना तो अभंग म्हणायला सांगितला. म्हणाल्या, पूर्ण, मिरचीसकट. नंतर सहज बोलल्या की त्यांच्या घरात माळ आहे, कांदेनवमीनंतर चातुर्मासात कांदा-लसूण शिजत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण आणि कांदा वर्ज्य सांगितलाय. तेराव्या शतकात एक माळी त्याच कांद्यात आणि लसणीत देव आहे असं म्हणतो, तर त्या अभंगातला धीट शब्द मिरची नव्हेच. आणि चार महिने कांदा न खाणाऱ्या माणसांनी पिढ्यानपिढ्या तो अभंग गाताना कांदा त्यातून काढला नाही. मिरची आत आली, कांदा बाहेर गेला नाही. आठ महिने मी नव्या शब्दाकडे बोट दाखवत होते, आणि जुना शब्द समोर असून त्याबद्दल माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक ओळही नव्हती.

नव्या मसुद्यातलं वाक्य असं आहे: ‘अभंगाच्या आज उपलब्ध पाठात मिरचीचा उल्लेख असल्यामुळे हा पाठ सोळाव्या शतकानंतर केव्हातरी या रूपात स्थिरावला असावा, मूळ रचनेच्या काळाबद्दल यावरून निष्कर्ष काढता येत नाही.’ लांबलचक आहे, कंटाळवाणंही आहे. गाईडनी वाचलं, ‘असावा’खाली रेघ मारली आणि पान उलटलं.