शास्त्रीबुवांचा किताबखाना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून कला शाखेच्या विद्यार्थ्याला उद्योजकता शिकवावी, हा आग्रह वाढला आहे. आम्हां भाषाविषयाच्या अध्यापकांपैकी बरेच जण तिच्याकडे परकी वस्तू म्हणून पाहतात. व्यापार वाणिज्य शाखेने करावा, आपण काव्य वाचावे. मराठीचा इतिहास मात्र या सोवळेपणाला फारसा आधार देत नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आपण वर्गात शिकवतो ते ‘निबंधमाला’कार म्हणून. १८७४ ते १८८१ या काळातले तिचे ८४ अंक, ती शैली, तो अभिनिवेश. याच शास्त्रीबुवांनी पुण्यात ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकान काढले, १८७८ मध्ये चित्रशाळा स्थापून देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घरोघर पोचवली, आर्यभूषण छापखाना उभारला. १८७९ मध्ये सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली, जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. १८८२ मध्ये वयाची बत्तिशी गाठण्याआधीच ते गेले. हा सारा खटाटोप निबंधलेखनाच्या बाजूला चाललेला जोडधंदा होता, असे आम्हांस वाटत नाही. सरकारी पगारावर न लिहिता येणारे लिहायचे, तर छापखाना आपला हवा, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

खरा पेच पुढे आला. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज, आणि लगोलग वाद. टिळक-आगरकर भांडण आपण ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ या मथळ्याखाली शिकवतो आणि त्यातला पैशाचा भाग गाळतो. आजीव सदस्याने संस्थेबाहेर कमाई करावी काय? टिळकांच्या मते त्याचा वेळ आणि मिळकत दोन्ही संस्थेची. आगरकरादी मंडळींना संसाराच्या गरजाही दिसत होत्या. उद्योजकतेचे आजचे पाठ भांडवल कसे उभारावे ते सांगतात, मिळकत कोणाची हे विचारत नाहीत. (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना तर बाहेरची कमाई हा तत्त्वाचा प्रश्न म्हणून परवडतच नाही.)

१८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. मग त्यांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालवला, आणि लातूरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात भागीदारीही केली.